भोरचा उंदीर

सावळाराम ढेबे मला पहिल्यांदा दिसले तेव्हा त्यांची उंची सुमारे चौदा फूट होती. पुढच्या काळात ती कमी होत होत पाच फूट दोन इंचांवर येऊन थांबली; पण त्या पहिल्या दिवशी ती चौदा फूट होती, याबद्दल मी कुठल्याही कोर्टात शपथ घ्यायला तयार आहे. डोकं वाचनालयाच्या आढ्याला लागलेलं, मिशांची टोकं दोन बाजूंच्या दोन कपाटांना टेकलेली, डोळे घट्ट मिटलेले, आणि उजव्या हातात अडकित्ता. तो अडकित्ता असा, की त्याने सुपारीच काय, सुपारीचं झाड कातरता आलं असतं.

साल एकोणीसशे पस्तीस. मी चोवीस वर्षांचा. भोरच्या शाळेत मास्तर म्हणून रुजू होऊन मला चार दिवस झाले होते आणि विहिरींवर धडा शिकवायचा म्हणून मी वाचनालयात दुष्काळावरचं एखादं पुस्तक मागायला गेलो होतो. उंबऱ्यातच उभं राहून मी मागणी सांगितली. वरून, ढगांच्या आसपास कुठून तरी, उत्तर आलं,

"त्ये चरायला गेलंय."

"कोण?"

"तुमचं पुस्तक. आंबवड्याला गेलंय. पुनवंला माघारी यील. तवर त्याच कळपातलं दुसरं देतो."

डोळे मिटलेलेच होते. डावा हात फळीवरच्या पुस्तकांच्या कोपऱ्यांवरून चाचपत निघाला, एका जागी थबकला आणि एक पुस्तक बाहेर ओढून त्याने माझ्या अंगावर सोडलं. विहीर कशी खणावी याचं पुस्तक होतं. म्हणजे कळप खरंच तोच. मग सावळाराम स्टुलावरून बाकावर, बाकावरून टेबलावर आणि टेबलावरून जमिनीवर उतरले, आणि चौदांपैकी नऊ फूट वरच राहून गेले. खाली जो उतरला तो एक लहानखुरा, चाळिशीतला, फार घाबरट डोळ्यांचा माणूस होता. माझ्याकडे बघून तो म्हणाला, "मास्तर, पुस्तकाचा कान दिसला तर कुनाला बोलू नका."

तो कान मी घरी जाऊन पाहिला. पुठ्ठ्याच्या पाठीकडच्या खालच्या कोपऱ्याला, करंगळीचं नख बसेल एवढी एक खाच नीट कातरलेली होती.

सावळाराम, ज्यांना मी पुढे सगळ्या गावासारखं तात्या म्हणू लागलो, ते वेल्ह्याच्या पलीकडे तोरण्याच्या पाठीमागच्या एका वाडीतले. सात पिढ्या शेरडं-मेंढरं राखणारं घर. आठव्या पिढीला मराठी सातवी पास होण्याची दुर्बुद्धी झाली आणि ती भोरच्या वाचनालयात शिपाई म्हणून लागली. आधीचे ग्रंथपाल एक दिवस काशीला म्हणून गेले ते गेलेच. पुढे कमिटीच्या असं लक्षात आलं, की गेलं वर्षभर पुस्तकं शिपाईच देतोय आणि कुणाची तक्रार नाही. तेव्हा त्यांनी तात्यांच्या हातातलं फडताळं पुसायचं फडकं काढून घेतलं आणि त्यांना ग्रंथपाल केलं. फडकं दुसऱ्या दिवशी परत दिलं, कारण नवा शिपाई नेमायचं कुणाला सुचलं नव्हतं.

वाचनालयात अकराशे चाळीस पुस्तकं होती आणि त्यांची यादी नव्हती. तात्यांना यादी हा प्रकारच पटत नसे. "मेंढरांची कुनी यादी करतं का, मास्तर? सांजेला वाड्यात घेताना त्यांच्या कानाला हात लावायचा. कान सांगतो कुनाचं हाय ते." त्यांच्या मुलखात प्रत्येक घराची खूण ठरलेली. कोकरू जन्मलं की त्याच्या कानाला त्या घराची खाच पडते. कुणाची उजव्या कानाला एक, कुणाची डाव्याला दोन. शंभर मेंढरं रानात मिसळली तरी खाचेवरून आपली आपल्याला मिळतात.

तात्यांनी हेच वाचनालयात केलं होतं. पोथ्या-पुराणांना पाठीकडच्या वरच्या कोपऱ्याला एक खाच, कादंबऱ्यांना तिथेच दोन. शेती, विहिरी, गुरंढोरं यांना खालच्या कोपऱ्याला एक, चरित्रांना खाली दोन. नवं पुस्तक आलं की त्याच दिवशी अडकित्त्याने कान कातरायचा. मग ते अंधारात मागा, पाठ करून मागा, बोट फिरलं की पुस्तक हातात. वेळेवर परत न करणाऱ्या वाचकाला ते लांडगा म्हणत आणि त्याच्या दारात जाऊन पुस्तक सोडवून आणत. गावाला तर खाचांची इतकी सवय झाली होती, की एकदा घाईत बिनखाचेचं पुस्तक गेलं, तेव्हा वाचकाने ते दुसऱ्या दिवशी परत आणलं. हे कच्चं दिसतंय म्हणाला.

पण ही सगळी हुशारी भीतीच्या पोटात राहत होती. वाचनालयाच्या भिंतीवर एक पाटी होती: पुस्तकास कात्री, चाकू अथवा कोणतेही हत्यार लावणाऱ्यास संस्थानच्या कायद्याप्रमाणे शिक्षा होईल. पाटी तात्यांनीच रंगवलेली होती. रोज सकाळी दार उघडलं की पहिली तीच दिसायची. एकदा त्यांनी मला गंभीरपणे विचारलं, "एका पुस्तकाला एक खटला म्हटला, तर अकराशे चाळीस खटल्यांना किती वर्सं लागतील?" मी म्हणालो, एका जन्मात उरकणार नाहीत. त्यावर त्यांना थोडं बरं वाटलं, आणि मग आणखी वाईट वाटलं.

अशी तीन वर्षं गेली. अडतीस सालच्या माघात पुण्याहून एक छापील पत्र आलं. ग्रंथपालांची मोठी परिषद भरणार होती. चारशे प्रतिनिधी. प्रत्येक वाचनालयाने ग्रंथपाल आणि एक सभासद असे दोघे पाठवावेत, आणि प्रदर्शनात मांडण्यासाठी आपल्याकडची निवडक वीस पुस्तकं आणावीत.

आमच्या कमिटीचे अध्यक्ष आनंदराव म्हणजे निवृत्त मामलेदार. त्यांनी हयातभर फक्त वर्तमानपत्र वाचलं असल्यामुळे पुस्तकाच्या कोपऱ्याशी त्यांचा संबंध कधी आला नव्हता. त्यांनी पत्र मोठ्याने वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "ढेबे, तुम्ही जायचं. सोबत हे मास्तर. पुस्तकं उत्तम निवडा. तिथं जाणकार लोक एकेक पुस्तक हातात घेऊन पाहणार आहेत."

"हातात घिऊन, साहेब?"

"भिंग लावून पाहतात म्हणे."

तात्या खाली बसले. आनंदरावांना वाटलं, आनंदाने बसले. त्यांनी पाठीवर थाप दिली आणि भोरचं नाव निघालं पाहिजे असं बजावून ते चहाला गेले.

पुढचे आठ दिवस तात्या जेवत होते की नाही ते मला माहीत नाही, पण खळ मात्र शिजत होती. पुस्तकबांधणीवाले पुठ्ठे चिकटवायला वापरतात तीच ही पिठाची खळ. निवडलेल्या वीस पुस्तकांच्या खाचा कागदाचा लगदा आणि खळ भरून बुजवायच्या, वरून पुठ्ठ्याचा रंग द्यायचा, असा बेत. खळीत खरं तर मोरचूद घालतात, म्हणजे किडामुंगी लागत नाही. त्या आठवड्यात वाण्याकडे मोरचूद नव्हता. खळ शिजवत होत्या तात्यांच्या मंडळी, फुलाबाई. त्यांनी चिकटपणा यावा म्हणून मोरचुदाऐवजी गुळाचा खडा टाकला.

मी गेलो तेव्हा त्या चुलीपुढे पळी हलवत बोलत होत्या. "म्या पैल्या वर्सालाच सांगितलं व्हतं, कान कापू नगा. मेंढरू निदान वराडतं. पुस्तक गप ऱ्हातं आन् मंग बारा वर्सांनी बोलतं."

तात्या म्हणाले, "गप बस की. मास्तर ऐकत्यात."

"ऐकू द्या. मास्तर, ह्यांना तुरुंगात घातलं तर भाकरी पोचती करायला पुण्याला किती येळा यावं लागंल, त्ये इचारून ठिवा."

"तुरुंगात भाकरी देतात, वहिनी."

"ह्यांना चटनी लागती," फुलाबाई म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला. चुलीचा धूर होता, पण सगळा धूरच नव्हता.

परिषदेच्या आदल्या दिवशी आम्ही सर्व्हिस मोटारीने निघालो. पुस्तकांची पेटी टपावर, तात्या माझ्या शेजारी घोंगडी पांघरून. घोंगडीतून फक्त मिशा बाहेर. मोटार कामथडीला पाणी प्यायला थांबली. ड्रायव्हर बादली घेऊन विहिरीकडे गेला तसे तात्याही उतरले आणि रस्त्याच्या कडेला उभं राहून पश्चिमेकडे बघू लागले.

"मास्तर, हितनं नसरापूर. नसरापुरावरनं विंझर. म्या पायी गेलो तर सांजेला येल्ह्यात, आन् उद्या सकाळी आमच्या वाडीत. डोंगरात मला कुनी हुडकत न्हाई."

"जा खुशाल. मग पेटी मी एकटाच घेऊन जाईन. आणि त्यांनी विचारलं तर मीच उत्तर देईन."

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुमाला खोटं बोलता येतं?"

"नाही."

"त्येचंच तर भ्या हाय," म्हणाले आणि निमूट आत येऊन बसले. कात्रजच्या बोगद्यात शिरताना त्यांनी माझं मनगट धरलं, ते पुण्यात उतरेपर्यंत सोडलं नाही.

परिषद एका शाळेच्या मैदानावर होती. मांडव एवढा मोठा, की त्यात भोरची पेठ उभी राहून वर बाजार भरला असता. दारात एका स्वयंसेवकाने तात्यांना अडवलं, वहीत नाव लिहिलं आणि त्यांच्या छातीवर पिवळ्या फितीचा एक बिल्ला टाचला. दोनशे सतरा. तात्या बिल्ल्याकडे बघत राहिले.

"मास्तर, मला खूण केली."

"सगळ्यांनाच करतात तात्या. माझा बघा, दोनशे अठरा."

"तुमाला बी धरलं म्हना की."

पुस्तकं आम्ही प्रदर्शनाच्या खोलीत, भोर लिहिलेल्या टेबलावर मांडून दिली. खळ भरलेले कोपरे इतके बेमालूम जमले होते, की मलाही खूण सापडेना. तात्यांच्या जिवात जीव आला. त्यांनी पहिल्यांदा आजूबाजूला नीट पाहिलं. दुसऱ्या टेबलांवरच्या पुस्तकांच्या पाठीवर कागदाच्या चौकोनी चिठ्ठ्या होत्या आणि चिठ्ठ्यांवर आकडे. त्यांनी एका पुस्तकावरून बोट फिरवलं, डोळे मिटून पुन्हा फिरवलं, आणि दयेने मान हलवली. "आंधळी जित्राबं," म्हणाले.

हे समाधान दुपारच्या व्याख्यानापर्यंत टिकलं. व्याख्यानाचा विषय होता पुस्तकाचे पाच वैरी. वक्ते एक उंच, पांढऱ्या पागोट्याचे गृहस्थ. त्यांच्या कोटाच्या खिशातून जाडजूड भिंगाची दांडी डोकावत होती, म्हणून आम्ही त्यांना आपसांत भिंगवाले साहेब म्हणू लागलो. त्यांनी व्यासपीठावर काचेच्या चार बरण्या मांडल्या होत्या. पहिलीत कसर, दुसरीत वाळवी, तिसरीत झुरळ, चौथीत स्पिरिटात बुडवलेला उंदीर. एकेक बरणी उचलून ते त्या प्राण्याच्या दातांबद्दल इतक्या प्रेमाने बोलत, की आपणही कधी काळी पुस्तक खाऊन पाहावं असं वाटावं. शेवटी टेबलावर पाचवी बरणी ठेवली. ती रिकामी होती.

"पाचवा वैरी या बरणीत मावत नाही," ते म्हणाले. "तो दोन पायांचा आहे. उंदीर भुकेपोटी खातो, त्याला मी क्षमा करतो. पण जो माणूस शाबूत पुस्तकाला हत्यार लावतो, त्याला माझ्या मते पुन्हा कुठल्याही वाचनालयाची पायरी चढू देऊ नये, आणि शिक्षा अशी व्हावी की इतरांना दहशत बसेल."

चारशे ग्रंथपालांनी टाळ्या वाजवल्या. तात्यांनीही वाजवल्या. न वाजवणारा ओळखू येईल म्हणून सगळ्यांच्या पुढे वाजवल्या आणि सगळ्यांच्या नंतर थांबवल्या. त्यामुळे शेवटच्या तीन-चार टाळ्या त्यांच्या एकट्याच्या पडल्या आणि भिंगवाल्या साहेबांनी वळून त्यांच्याकडे कौतुकाने पाहिलं. तात्यांच्या कपाळावरून घामाचा एक थेंब निघाला, तो मिशीत अडकला.

ते रात्री जेवले नाहीत. मीच दोघांचं जेवलो. भीती मलाही होती, पण माझी भीती भुकेच्या आड येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही प्रदर्शनाच्या खोलीत गेलो आणि तात्या दारातच थिजले. भोरच्या टेबलावर पांढरा चुरा पसरला होता. पुण्याचे उंदीर रात्रभर जेवून गेले होते. इतर कुणाच्या टेबलाला त्यांनी तोंड लावलं नव्हतं. सगळीकडे मोरचूद होता, गूळ फक्त आमच्याकडे. वीसच्या वीस पुस्तकांची खळ खाऊन खाचा उघड्या पडल्या होत्या, आणि कडा जरा कुरतडलेल्या होत्या. बाकी पुस्तकांना धक्का नव्हता.

पुस्तकं उचलून पेटीत टाकावी म्हणून आम्ही पुढे झालो, तोच मागून आवाज आला, "राहू द्या. हात लावू नका."

भिंगवाले साहेब होते. मागे प्रदर्शनाच्या कमिटीचे चार लोक. साहेबांनी एक पुराण उचललं, कोपऱ्यावर भिंग धरलं. मग एक कादंबरी. मग दुसरी कादंबरी. मग शेतीचं पुस्तक.

"ही कुठली पुस्तकं?"

"भोरची," मी म्हणालो.

"ग्रंथपाल कोण?"

तात्या पुढे झाले. हात जोडलेले, बिल्ला वाकडा, चेहरा घोंगडीच्या रंगाचा. त्यांनी कबूल करायचं ठरवलं होतं हे मला त्यांच्या पाठीवरूनच कळलं. "साहेब," ते म्हणाले, "त्ये म्या..."

"थांबा." साहेबांनी हात वर केला. "सांगू नका. मला ओळखू द्या."

त्यांनी पुन्हा भिंग धरलं आणि वीसच्या वीस पुस्तकं पाहिली. पाहता पाहता त्यांचा चेहरा उजळत गेला. शेवटी ते कमिटीकडे वळून म्हणाले, "उंदीर. यात शंका नाही, दातांच्या खुणा ताज्या आहेत. पण गृहस्थहो, हा साधा उंदीर नाही. नीट बघा. पुराणाला एक घास, वरच्या बाजूला. कादंबरीला दोन घास, तेही वरच. शेतीच्या पुस्तकाला खाली एक. चरित्राला खाली दोन. एकदाही चूक नाही. तीस वर्षं मी उंदरांचा अभ्यास करतोय, असा निवडून खाणारा उंदीर मी पाहिला नाही."

"कादंबरीला दोन का?" कमिटीतल्या एकाने विचारलं.

"कादंबरीची बांधणी स्वस्त, तिची खळ गोड," साहेब तात्काळ म्हणाले. माणसाला ज्ञान असलं की कारण कमी पडत नाही.

ते निघून गेले. तात्या तिथेच भिंतीला टेकले. मी म्हणालो, "सुटलात."

"कुठं सुटलो?" ते पुटपुटले. "उंदीर पाळला म्हणून धरत्याल. आन् त्यांनी भोरात यून उंदीर मागितला, तर कुठला दावू?"

दुपारी मांडवात साहेबांचं न ठरलेलं व्याख्यान झालं. विषय, भोरचा उंदीर. आमची पुस्तकं व्यासपीठावर मांडली होती. चारशे लोक माना उंचावून बघत होते. वीस मिनिटं उंदराच्या बुद्धीचं वर्णन झाल्यावर साहेब म्हणाले, "या उंदराला जवळून ओळखणारे गृहस्थ इथे हजर आहेत. भोरच्या ग्रंथपालांनी वर येऊन चार शब्द सांगावेत."

तात्या उठले, कारण शेजारच्याने त्यांना उठवलं. ते व्यासपीठावर कसे पोचले ते त्यांना पुढे कधी आठवलं नाही. मला आठवतं. रुतलेला बैल चिखलातून काढावा तसं दोन स्वयंसेवकांनी त्यांना दोन बाजूंनी चढवलं. समोर चारशे माणसं, एका बाजूला स्पिरिटातला उंदीर, दुसऱ्या बाजूला ती रिकामी बरणी. तात्यांनी रिकाम्या बरणीकडे पाहिलं. मग मांडवात मला शोधलं.

त्यांची नजर मला पुरती कळली. ते विचारत होते, सांगून टाकू का. ती पद्धत त्यांची होती. चारशे पंडितांनी जी शिस्त पाहून तोंडात बोट घातलं होतं, ती त्यांनी अडकित्त्याने एकट्याने केली होती. एक वाक्य बोलले असते तर उंदराची सगळी कीर्ती त्यांची झाली असती. की शिक्षा झाली असती, कोण जाणे. मी भोरच्या फुलाबाईंचा विचार केला, पाटीचा केला, कालच्या टाळ्यांचा केला. आणि मान हलवली. नको.

तात्यांनी खाली बघितलं.

"उंदीर कसा दिसतो?" साहेबांनी प्रेमाने विचारलं.

"कुनी बगितला न्हाई, साहेब." आवाज इतका बारीक होता, की मागचे लोक उठून उभे राहिले. "लई भित्रा हाय. मानसाची चाहूल लागली की दडतो."

"पुस्तकाची नासाडी पुष्कळ करतो का?"

"नासाडी न्हाई करत. एवढंच, कोपऱ्याला. अकराशे चाळीस पुस्तकं हायेत, एकाचं पान फाटल्यालं न्हाई." त्यांचा हात जवळच्या पुस्तकाच्या कोपऱ्यावर गेला. "त्याला वळखायची असत्यात नुसती."

लोक हसले आणि टाळ्या पडल्या. भोळ्या खेडवळ माणसाचं भोळं भाषण म्हणून वर्तमानपत्रात त्याला चार ओळी मिळाल्या. परिषदेने त्याच संध्याकाळी ठराव केला, की भोरच्या वाचनालयाला परिषदेतर्फे एक उत्तम जातीचा लोखंडी पिंजरा भेट द्यावा, आणि सर्व पुस्तकांची दुरुस्ती करून त्यांना आकड्यांच्या चिठ्ठ्या लावून देण्यासाठी पुण्याचा एक कसबी बाइंडर धाडावा. मी टाळी वाजवली. तात्यांनी ठरावाचा अर्थ माझ्या आधी ओळखला होता. ते वाजवायला विसरले.

भोरला आमचं स्वागत झालं. आनंदराव चौकात हार घेऊन उभे होते. भोरचं नाव निघालं होतं, ते उंदरामुळे निघालं याचं त्यांना काही वाटलं नाही.

बाइंडर चैत्रात आला आणि सव्वा महिना राहिला. माणूस खरंच कसबी होता. त्याने एकेक खाच पुठ्ठा जोडून अशी भरली, वर कापडाची अशी पट्टी मारली, की कोपऱ्यावरून बोट पाण्यासारखं घसरावं. खळीत मोरचूद घातला होता. आणि पाठीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर आकडा. तात्या रोज शेजारी बसून त्याला पुस्तकं देत होते. पहिल्या दिवशी भराभर देत होते. शेवटी शेवटी एकेक पुस्तक थोडा वेळ हातात धरून, कोपऱ्यावरून अंगठा फिरवून मग देत.

अडकित्ता त्यांनी सुपारीच्या डब्यात टाकला. आता खटल्याची भीती नव्हती, अकराशे चाळीस पुरावे बुजले होते. नोकरी शाबूत होती. पण मी जेव्हा जेव्हा पुस्तक मागायला गेलो, तेव्हा तात्या पुण्याहून छापून आलेली आकड्यांची वही उलटीसुलटी करत बसलेले दिसत. डोळे उघडे, अगदी ताणून उघडे, आणि पुस्तक सापडत नसे. "त्ये चरायला गेलंय का?" मी एकदा गमतीने विचारलं. ते हसले नाहीत. "ठावं न्हाई, मास्तर," म्हणाले. "हाय का गेलंय, आता कळत न्हाई."

एकदाच त्यांनी विषय काढला. आषाढातली दुपार होती, वाचनालयात कुणी नव्हतं. "तुमी मान हलवली नसती तर म्या बोललो असतो."

"आणि मग नोकरी गेली असती. कदाचित तुरुंग."

"व्हय. कळप दुसऱ्याच्या हाती गेला असता." त्यांनी फळीवरच्या सारख्या सारख्या पाठींवरून हात फिरवला. "पर कळप ऱ्हायला असता."

मी एक पुस्तक काढून त्याच्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं. ते घसरलं.

तात्या सत्तेचाळीस साली निवृत्त होऊन फुलाबाईंसह आपल्या वाडीवर परत गेले. परिषदेने दिलेला पिंजरा वाचनालयात अकरा वर्षं रोज लावला जात होता. त्यात एकही उंदीर सापडला नाही. एकोणपन्नास साली गंजला म्हणून टाकून दिला.